सूर्य सर्वांचा, आरसा कोणाचा?

सौरऊर्जा हा शब्द आता सर्वपक्षीय झाला आहे. ज्यांनी उभी हयात साखर कारखान्याच्या धुराड्याकडे पाहून राजकारण केले, तेही आज सूर्याकडे बोट दाखवून भाषणे करू लागले आहेत. भाताच्या गिरण्यांत धान उकडण्यासाठी व वाळविण्यासाठी उन्हाची उष्णता वापरावी, दूधप्रक्रियेत वापरावी, फळे सुकविण्यासाठी वापरावी, असे सल्ले तज्ज्ञ मंडळी देत आहेत. सल्ला वाईट नाही. परंतु या सल्ल्यात एक प्रश्न सोयिस्करपणे गाळलेला असतो. सूर्य फुकट आहे; त्याची उष्णता पकडणारा आरसा, नळी आणि टाकी फुकट नाही. मग ती कोणाच्या पैशाने उभी राहणार, आणि उभी राहिल्यावर पुढील वीस वर्षे तिचा लाभ कोणाच्या पदरात पडणार?

हा प्रश्न तांत्रिक नसून राजकीय अर्थशास्त्राचा आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांइतका तो स्पष्टपणे महाराष्ट्रात क्वचितच कोठे दिसेल. कारण निसर्गाची देणगी सार्वजनिक पैशाने शिवारापर्यंत आली आणि तिचा मलिदा मात्र मूठभरांनी खाल्ला, याचा अनुभव या दोन तालुक्यांनी एकदा पुरता घेतलेला आहे.

नीरेचा धडा

1876-77 च्या भीषण दुष्काळानंतर दुष्काळनिवारणाचे काम म्हणून नीरा डावा कालवा काढण्यात आला आणि 1885 साली तो सुरू झाला. पुढे 1928 च्या सुमारास भोर भागात भाटघरचे मोठे धरण पूर्ण झाले. भोर हा भाताचा मुलूख. तेथील खाचरे धरणाच्या पोटात गेली आणि ते पाणी खाली पुरंदर, बारामती, इंदापूरकडे वाहू लागले. जे पाणी ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू पिकाला दुष्काळात जगविण्यासाठी आणले, ते काही वर्षांतच उसाच्या मुळाशी स्थिरावले. ऊस लावण्यास बेणे, खत आणि वर्ष-दीड वर्ष थांबण्याची ऐपत लागते. ती ज्याच्यापाशी होती त्याला पाणी मिळाले. ज्याच्यापाशी नव्हती त्याच्या वाट्याला उसाची तोडणी आली.

कालव्याच्या मुखाकडील काही जमिनी पाण्याच्या अतिरेकाने क्षारपड झाल्या आणि शेपटाकडील इंदापूरची गावे पाण्यासाठी टाहो फोडीत राहिली. खुद्द बारामती तालुक्यातील सुपे-मोरगावचा जिरायती पट्टा 'विकासाचे प्रारूप' म्हणून गाजलेल्या या तालुक्यातच आहे, याचा विसर पाहुण्यांना पडतो. तेथील रहिवाशांना पडत नाही. पाणी सर्वांचे होते, कालवा सरकारचा होता. लाभ मात्र भांडवलाच्या प्रमाणात वाटला गेला.

आता उन्हाकडे पाहा. या पर्जन्यछायेच्या प्रदेशात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ज्या कारणाने येथे पाणी कमी, त्याच कारणाने ऊन भरपूर. आणि उन्हाला ना मुख आहे ना शेपूट. ते भवानीनगरच्या बागायतदाराच्या वावरात पडते तेवढेच सुप्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या माळावर पडते. निसर्गाने केलेली इतकी समान वाटणी या तालुक्यांनी पूर्वी पाहिलेली नाही. ती समानता टिकवायची, की नीरेच्या पाण्याप्रमाणे तीही भांडवलाच्या हवाली करायची, हा आजचा प्रश्न आहे.

उष्णतेचा हिशेब

प्रथम हे ठरविले पाहिजे की उन्हाच्या उष्णतेची खरी गरज कोठे आहे. भाताच्या गिरणीपासूनच सुरुवात करू. उकडा तांदूळ करण्यासाठी धान साठ ते सत्तर अंश तापमानाच्या पाण्यात काही तास भिजवावे लागते, मग वाफवावे लागते आणि शेवटी सुमारे चौदा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावे लागते. या तापमानाचे पाणी सौर तापक सहज देऊ शकतो. तथापि एक टन धानामागे सुमारे दोनशे किलो तूस निघते, आणि किलोमागे तीन हजार किलोकॅलरी धरल्यास त्यात सहा लाख किलोकॅलरी उष्णता असते. उकडणे व वाळविणे मिळून लागणारी उष्णता साधारण याच्या आतबाहेर असते. म्हणजे गिरणीला स्वतःचे सरपण धानाबरोबरच मिळते. तेथे सौर संयंत्राचा लाभ मुख्यतः धूर आणि राख कमी होण्यात, तसेच वाचलेले तूस विकता येण्यात आहे.

आणि ध्यानात घ्या, तांदळाच्या उद्योगाने सूर्य केव्हाच वापरात आणलेला आहे. उकडलेले धान सिमेंटच्या खळ्यावर पसरून पायांनी उलटेपालटे करीत भर उन्हात वाळविण्याची पद्धत देशभर रूढ आहे आणि ते काम बहुधा बाया करतात. त्यांची मजुरी इतकी कमी की तिच्यापुढे कोणतेही सौर यंत्र महाग ठरावे! सौरऊर्जा महाग आहे असे जेव्हा गिरणीमालक म्हणतो, तेव्हा तो वस्तुतः माणूस स्वस्त आहे असे म्हणत असतो.

साखर कारखान्याची स्थिती भाताच्या गिरणीसारखीच. उसाच्या वजनाच्या अठ्ठावीस ते तीस टक्के बगॅस निघतो, त्यावरच बॉयलर चालतात आणि वर वीज विकली जाते. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या या पट्ट्यातील कारखान्यांचे इंधन उसाबरोबर गव्हाणीत येते.

दुधाची गोष्ट निराळी आहे. दुधाला ना तूस आहे ना चिपाड. दूध संघाला पाश्चरीकरणासाठी, टाक्या, नळ्या, कॅन आणि क्रेट धुण्यासाठी, भुकटी करण्यासाठी लागणारी सारी उष्णता विकत आणावी लागते. कोळसा, फर्नेस ऑइल किंवा भुशाचे ब्रिकेट जाळावे लागतात. दुधाचे पाश्चरीकरण बहात्तर अंशांवर पंधरा सेकंदांत होते. धुण्याचे पाणी सत्तर-पंच्याऐंशी अंशांचे असले की भागते. सूर्य जे तापमान सहज देतो तेच नेमके दुधाला हवे असते. म्हणून ज्याला आपल्या पट्ट्यात उन्हाच्या उष्णतेचा विचार करायचा आहे, त्याने भाताच्या गिरणीपाशी थांबू नये, उसाच्या धुराड्यापाशीही थांबू नये. त्याने दुधाकडे वळावे. शिवाय ऊस ज्याच्या शेतात नाही त्याच्याही दारात गाय आहे. अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांचा रोजचा बाजार या दुधावर चालतो.

आता आकडे मांडू. दिवसाला एक लाख लिटर दूध हाताळणारा एक संघ घ्या. पाश्चरीकरणाच्या यंत्रात तापलेले दूध आत येणाऱ्या थंड दुधाला आपली उष्णता देते, त्यामुळे बाहेरून फक्त सुमारे दहा अंशांची उष्णता पुरवावी लागते. लाख लिटरांसाठी ती साडेनऊ लाख किलोकॅलरी होते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर पाच युनिट ऊर्जा पडते आणि संयंत्र त्यातील निम्मी पकडते असे धरले, तर चौरस मीटरला एकवीसशे-बावीसशे किलोकॅलरी मिळतात. म्हणजे सुमारे साडेचारशे चौरस मीटर आरसे पुरेत. गुंठ्यांच्या भाषेत सांगायचे तर साडेचार गुंठे आरसा, आणि सावली एकमेकांवर पडू नये म्हणून मोकळी जागा धरून दहा गुंठे जमीन. एक लाख लिटर दुधाच्या पाश्चरीकरणाला दहा गुंठे ऊन!

यातून रोज सुमारे एकशे वीस किलो फर्नेस ऑइल वाचेल. किलोला पन्नास रुपये धरल्यास दिवसाचे सहा हजार रुपये, म्हणजे लिटरमागे सहा पैसे. होय, सहा पैसे! सौरऊर्जेने दूध उत्पादकाचे दारिद्र्य फिटेल असे सांगणाऱ्या कंत्राटदारावर विश्वास ठेवू नका. धुण्याचे पाणी त्यात मिळविले तर हा आकडा आणखी काही पैशांनी वाढेल, आणि भुकटी करणाऱ्या कारखान्यात तर कितीतरी मोठा होईल. कारण तेथे लिटरमागे पाश्चरीकरणाच्या वीस-पंचवीस पट उष्णता लागते. तरीही पैशांचा हिशेब पैशांतच करावा. पण हेही विसरू नये की याच दूधधंद्यात पैशा-पैशाने उत्पादक नागवला गेला आहे. फॅटचा एक पॉइंट आणि एसएनएफचा एक पॉइंट यांच्या कपातीवर येथे इमले उभे राहिले आहेत. सहा पैशांना वर्षाच्या तीनशे दिवसांनी आणि लाख लिटरांनी गुणले की अठरा लाख रुपये होतात.

व्याजाचा हिशेब

येथेच खरी मेख आहे. कोळशाच्या बॉयलरला भांडवल थोडे आणि इंधन रोज लागते. सौर संयंत्राचे उलट आहे. त्याचा जवळजवळ सारा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. पुढे इंधन शून्य. अर्थशास्त्राच्या भाषेत, हे इंधनाच्या जागी भांडवल बसविणे आहे. म्हणून उन्हाच्या उष्णतेची किंमत सूर्य ठरवीत नाही, ती व्याजाचा दर ठरवितो.

उदाहरणार्थ, संयंत्राचा खर्च चौरस मीटरला वीस हजार रुपये धरू. साडेचारशे चौरस मीटरला नव्वद लाख झाले. ते सात वर्षांच्या मुदतीने बारा टक्के व्याजावर घेतले, तर वार्षिक हप्ता सुमारे एकोणीस लाख सत्तर हजारांचा पडतो. बचत अठरा लाखांची. संघ तोट्यात! हेच कर्ज चार टक्क्यांनी मिळाले तर हप्ता पंधरा लाखांवर येतो आणि संघाच्या हाती पहिल्या वर्षापासून तीन लाख उरतात. कर्ज फिटल्यावर तर सारे अठरा लाख उरतात. तोच सूर्य, तोच आरसा, तेच दूध. फरक फक्त व्याजाचा. आणि स्वस्त भांडवल कोणाला मिळते आणि महाग कोणाला, हे या देशात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

शासन या विषमतेवर उतारा देते काय? उलट ते तिच्यात भर घालते. सौर यंत्रसामग्रीला आयकरात वाढीव घसारा देण्याची सवलत दीर्घकाळ चालत आली. 2017 पर्यंत पहिल्याच वर्षी खर्चाच्या ऐंशी टक्के रक्कम नफ्यातून वजा करता येत असे. नंतर ते प्रमाण चाळीस टक्क्यांवर आणले गेले. एक कोटीच्या संयंत्रावर, करदर तीस टक्के धरला, तर जुन्या प्रमाणाने पहिल्या वर्षी चोवीस लाखांचा आणि नव्या प्रमाणाने बारा लाखांचा कर टळतो. पण कोणाचा? ज्याला कर भरण्याइतका नफा आहे त्याचा. जो दूध संघ आपले उत्पन्न दरफरकाच्या रूपाने सभासदांना वाटून टाकतो, त्याला करपात्र नफाच थोडा. मग घसारा वजा कशातून करायचा? म्हणजे जी संस्था आपला वाढावा प्रामाणिकपणे उत्पादकाला देते तिला सवलत जवळजवळ नाही, आणि जी कंपनी तो वाढावा स्वतःच्या खिशात ठेवते तिला सवलत भरघोस! सार्वजनिक तिजोरीतून खाजगी आरसे विकत घेण्याचा हा राजमार्ग आहे.

सूर्य म्हणजे केवळ वीज नव्हे

दुसरा दोष धोरणाच्या मुळाशी आहे. राज्यकर्त्यांनी सूर्य म्हणजे वीज असे समीकरण करून टाकले आहे. 2010 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये विजेबरोबर उष्णतेचेही लक्ष्य होते: 2022 पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर तापक. पुढे 2015 साली विजेचे लक्ष्य वीस हजार मेगावॅटवरून एक लाखावर नेण्यात आले. उष्णतेच्या लक्ष्याचे नाव मात्र भाषणांतून नाहीसे झाले. वस्तुतः जगभर उद्योगधंद्यांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेच्या रूपात लागते.

विजेचा आग्रह का, याचे उत्तर तिच्या स्वरूपात आहे. वीज तारेवरून दूर नेता येते, विकता येते, तिच्यावर वीस-पंचवीस वर्षांचे करार करता येतात, आणि त्या करारांवर भांडवल बाजारात पैसा उभा करता येतो. उष्णता जेथे पकडली तेथेच वापरावी लागते. ती गावाबाहेर जात नाही, म्हणून भांडवलदाराला तिच्यात रस नाही; आणि नेमक्या त्याच कारणाने आपल्याला तिच्यात रस असला पाहिजे. 2023 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतकऱ्याच्या जमिनीस हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे देऊ केले गेले. कृषिपंपाला दिवसा वीज मिळावी हा हेतू रास्तच आहे. पण त्यात जमिनीचा धनी भाडेकरी होतो, आणि ऊन कंपनीचे होते.

कोणी म्हणेल, आता पॅनेल इतके स्वस्त झाले आहेत की त्यांच्या विजेवर उष्णतापंप चालवून पाणी तापविणे आरशापेक्षा परवडेल. काही ठिकाणी तसे होईलही. यंत्र कोणते, यासंबंधी आपला हट्ट असण्याचे कारण नाही. ज्या संघाला जे स्वस्त पडेल ते त्याने घ्यावे. भांडवलाचा आणि मालकीचा प्रश्न पॅनेललाही तितकाच लागू आहे.

हे स्वप्न नव्हे, हा इतिहास आहे

"हे सारे प्रयोगशाळेतले आहे", असा एक शेरा ठराविक वर्तुळात ऐकू येतो. तो अज्ञानातून येतो किंवा हितसंबंधातून. 1878 साली मुंबईत, कुलाब्यात, विल्यम ॲडम्स नावाच्या उच्च न्यायालयातील एका अधिकाऱ्याने अर्धवर्तुळात सपाट आरसे मांडून बॉयलर तापविला आणि अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप उन्हावर चालवून दाखविला. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्य वापरावा असे प्रतिपादन करणारे पुस्तकही त्याने त्याच वर्षी लिहिले. या गोष्टीला दीडशे वर्षे होत आली.

ती फार जुनी वाटत असेल तर बारामतीहून नीरा ओलांडून फलटणला जा. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने ऐंशीच्या दशकात गोड ज्वारीच्या रसापासून मद्यार्क करताना ऊर्ध्वपातनाची उष्णता सपाट सौर तापकांतून घेतली. आज पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या घोषणेवर साखरधंदा तरला आहे. पण हाकेच्या अंतरावर झालेला हा प्रयोग ऊस कारखानदारीने उचलला नाही. दुधाचे उदाहरण पाहिजे असेल तर लातूरचे घ्या. तेथील महानंद दुग्धशाळेत 2006 च्या सुमारास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने विकसित झालेली एकशे साठ चौरस मीटरची 'अरुण' तबकडी बसविली गेली आणि दुधाच्या पाश्चरीकरणासाठी उन्हावर तापविलेले दाबयुक्त पाणी वापरले गेले. सहकारी क्षेत्रात, मराठवाड्यात, सूर्याने दूध तापविले! त्याचा प्रसार मात्र झाला नाही. महानंद संस्थाच डबघाईला आली आणि 2024 साली तिचे व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावे लागले. यंत्र हरले नाही, संस्था हरली. हा धडा आपण दोन्ही अंगांनी शिकला पाहिजे.

आणि शिर्डी? साईबाबा संस्थानने 2009 साली त्र्याहत्तर तबकड्यांचे संयंत्र बसवून उन्हाच्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक सुरू केला. देवस्थानाच्या मुदपाकखान्याला सूर्य मानवतो आणि दूध संघाला मानवत नाही, असे कोणते शास्त्र आहे? फरक एवढाच की देवस्थानाच्या पेटीत भांडवल आपोआप जमते. दूध उत्पादकाच्या पेटीत जमत नाही.

कारागिरीची उणीव म्हणाल तर तीही नाही. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरने साखर कारखान्यांची यंत्रे आणि बॉयलर घडविले, इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडविले. ज्या तालुक्यातील कामगारांच्या हातांनी अंतराळात जाणारे कवच तयार केले, त्यांना आरशाची चौकट आणि वाफेची नळी जड जाईल काय?

आपल्यातील आक्षेप

आता घरच्या मंडळींशी बोलले पाहिजे. आपल्यातील काही साथींचे म्हणणे असे की दुधाला दर नाही, मजुराला काम नाही, आणि अशा वेळी आरशांच्या गोष्टी म्हणजे सुखवस्तूंचा छंद होय. दराचा प्रश्न पहिला आहे याबद्दल दुमत नाही. 2023 च्या जुलैत शासनाने गाईच्या दुधाला लिटरला चौतीस रुपये दर ठरविला आणि काही महिन्यांतच तो सत्तावीस रुपयांच्या आसपास कोसळला. मग 2024 च्या जानेवारीत पाच रुपयांच्या अनुदानाचे ठिगळ लावावे लागले. या लढ्यात सहा पैशांना काय किंमत, असे विचारणे स्वाभाविक आहे. परंतु दर का कोसळतो? प्रक्रियेची साधने ज्याच्या हाती, दर त्याच्या हाती, म्हणून. भुकटीचे मनोरे, शीतकरणाच्या टाक्या, बाटलीबंद करणारी यंत्रे ज्याची, तोच उद्या उन्हाचाही मालक होणार आणि त्याचा उत्पादनखर्च सहकारी संघापेक्षा आणखी थोडा कमी होणार. स्पर्धेत सहकार मरतो तो अशाच पैशा-पैशाच्या फरकाने. साधनांच्या मालकीचा प्रश्न सोडून केवळ दरासाठी लढणे म्हणजे दर वर्षी तीच लढाई नव्याने लढणे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सहकार उरला आहे कोठे? सार्वजनिक पैसा सहकारसम्राटांच्या हाती देऊन काय साधणार? सहवीजनिर्मितीच्या नावाखाली कारखान्यांवर कर्जाचे डोंगर चढले आणि महाराष्ट्रात कित्येक सहकारी कारखाने कर्जापायी खाजगी मालकांच्या घशात गेले, हे सत्य आहे. वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांना अभिप्रेत असलेला सहकार आणि आजच्या संचालक मंडळांची दुकानदारी यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले आहे. पण त्यावरचा उपाय सहकार सोडून देणे हा नव्हे. तसे करणे म्हणजे घरात उंदीर झाले म्हणून घरच सावकाराला लिहून देणे! उपाय असा की पैसा अटींवर द्यावा आणि अटी उत्पादकांच्या देखत पाळून घ्याव्यात.

तिसरा आक्षेप बॉयलरवर काम करणाऱ्या कामगारांचा, आणि तो आपण सर्वांत आधी ऐकला पाहिजे. आरसे आले की आमची गरज संपेल काय? संपणार नाही. रात्री आणि पावसाळ्यात सूर्य नसतो. त्यामुळे बॉयलर राहतो आणि तो चालविणारा कामगारही राहतो. कमी होतो तो कोळसा. तरीही मालक यंत्राचे निमित्त करून माणसे कमी करतो हा अनुभव आहे. म्हणून एकही जागा कमी होणार नाही आणि संयंत्राची देखभाल याच कामगारांना प्रशिक्षण देऊन सोपविली जाईल, असा लेखी करार झाल्याखेरीज सार्वजनिक पैशाचा एक रुपयाही सुटता कामा नये.

डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तेव्हा त्यांची चेष्टा झाली. मोठ्या यंत्राशिवाय प्रगती नाही, असे भांडवलदार म्हणत आणि कित्येक समाजवादीही म्हणत. आज दहा गुंठ्यांत मावणारे, गावातच वापरले जाणारे, तालुक्यातच घडविता येणारे यंत्र आपल्यापुढे उभे आहे. ते आपण नाकारले तर दुसरे ते घेणार आहेत.

मागणी काय करायची

केवळ टीका करून थांबणे समाजवादी कार्यकर्त्याला शोभत नाही. म्हणून पुढील मागण्या पक्षाने तालुका पातळीपासून लावून धराव्यात.

पहिली, घसाऱ्याच्या करसवलतीइतकीच रक्कम सहकारी दूध संघांना आणि प्राथमिक संस्थांना थेट भांडवली अनुदान म्हणून मिळावी. कंपनीला जे करातून मिळते ते संघाला रोखीने मिळालेच पाहिजे. दुसरी, उरलेल्या खर्चासाठी चार टक्क्यांहून अधिक नसलेल्या व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज मिळावे, आणि त्यासाठी संघाची जमीन किंवा इमारत गहाण पडू नये. तिसरी, संयंत्रातून होणाऱ्या बचतीचा वेगळा हिशेब ठेवला जावा. प्रत्येक दूध संस्थेच्या फलकावर तो दर महिन्याला लावला जावा आणि वर्षाअखेर ती रक्कम दरफरकात उत्पादकाच्या खात्यावर जमा व्हावी. चौथी, राज्याच्या सौर धोरणात उष्णतेसाठी स्वतंत्र लक्ष्य आणि स्वतंत्र तरतूद असावी. पाचवी, ज्या खाजगी दूधप्रक्रिया कारखान्याने सौर सवलत घेतली असेल त्याने तिचा लाभ उत्पादकास किती दिला हे जाहीर करावे, अन्यथा ती वसूल केली जावी.

या मागण्या मोठ्या नाहीत. त्यांनी क्रांती होणार नाही. पण त्यांच्या निमित्ताने गावोगावच्या दूध संस्थांत एक प्रश्न उभा राहील. सकाळच्या संकलनाला कॅन घेऊन आलेल्या उत्पादकाला आपण विचारले पाहिजे: तुमच्या संघात वर्षाला किती इंधन जळते, त्याला किती पैसे जातात, ते कोणाला जातात? हा आकडा बहुतेकांना माहीत नसतो, कारण तो त्यांना कधी सांगितला गेलेला नाही. अहवालात तो 'इतर खर्च' या सदराखाली दडलेला असतो. तो बाहेर काढणे हे येत्या वार्षिक सभांचे पहिले काम समजावे. दोन तालुक्यांतील प्रत्येक शाखेने आपापल्या भागातील एका तरी संस्थेत हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर सभासदांपुढे ठेवावे.

नीरेचे पाणी आले तेव्हा या भागात शेतकऱ्यांचा आणि मजुरांचा संघटित पक्ष नव्हता. पाण्याचे वाटप ज्यांनी केले त्यांना विचारणारे कोणी नव्हते. आज तसे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. उन्हाचे वाटप होण्याची वेळ आली आहे. ते आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांच्या नावावर चढले, तर त्याचा दोष सूर्याला देता येणार नाही.